पोट भरलेले रेणू आणि दहा बाय दहाची खोली

गेल्या रमजानमधली गोष्ट. लालबाग-परळच्या हद्दीवरची जुनी चाळ, पहाटेचे साडेचार. सेहरीसाठी गॅलरीत एकेक दिवा लागत होता. आमच्या दोन खोल्या पलीकडे राहणाऱ्या खालांना जाग आली नव्हती, म्हणून शेजारची अकरावीतली मुलगी त्यांना उठवायला गेली. दार उघडताच तिला वास आला. खाला अर्धवट झोपेत बिछान्यावरून उठल्या होत्या आणि सवयीने त्यांचा हात दिव्याच्या बटनाकडे निघाला होता.

"खाला, बटन नका दाबू!"

ती एवढ्या जोरात ओरडली की आम्हीही हातातला पेला ठेवून धावलो. तिने अंधारातच खालांना बाहेर काढले, ओढणी नाकाला लावून आत गेली, रेग्युलेटर बंद केला, खिडकी सताड उघडली आणि दार उघडे टाकून बाहेर आली. पंखा लावू दिला नाही, मोबाइलची बॅटरी लावू दिली नाही. पुढची पंधरा-वीस मिनिटे सगळी गॅलरी अंधारात उभी होती. शेगडीला जोडलेली रबरी नळी टोकाशी चिरली होती, रात्री रेग्युलेटर बंद करायचे राहिले होते, एवढेच. खालांची सेहरी आमच्याकडे खजूर-दुधावर झाली. अल्लाहचा फजल, दुसरे काय म्हणणार.

ही मुलगी दहावीपर्यंत उर्दू माध्यमात होती. आता इंग्रजीतून सायन्स करते. तिचे नाव इथे देत नाही, तिच्या अम्मीला ते आवडायचे नाही. त्याच आठवड्यात, तरावीहनंतर, ती पुस्तक घेऊन आमच्याकडे आली आणि म्हणाली, "सर, मी आर्ट्सला जाऊ का? हा धडा माझ्याच्याने होत नाही." धडा हायड्रोकार्बनचा. सुरुवातच अल्केनपासून. ज्या मुलीने तीन दिवसांपूर्वी तोच धडा खालांच्या खोलीत अंधारात करून दाखवला होता, ती म्हणत होती की तो आपल्याला येत नाही.

आमचे विषय उर्दू आणि मराठी. रसायनशास्त्र आम्ही बारावीनंतर सोडले. पण शब्दांवाटे आत शिरता येते का ते पाहू, म्हणून आम्ही दोघे पुस्तक घेऊन बसलो. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवत आहोत, कारण यातला निम्मा धडा आपल्या सगळ्यांच्या ओट्यावर मांडलेला असतो.

पहिला शब्दच आमच्या कामाचा निघाला. मराठी पुस्तकात अल्केनना संपृक्त हायड्रोकार्बन म्हणतात. तिच्या उर्दू पुस्तकात शब्द होता 'सेरशुदा'. सेर म्हणजे तृप्त, जेवून पोट भरलेला. कार्बनला चार हात असतात असे समजा. अल्केनमध्ये हे चारही हात गुंतलेले असतात, काही शेजारच्या कार्बनमध्ये, बाकीचे हायड्रोजनमध्ये. एकही हात मोकळा नाही, कुठे दुहेरी पकड नाही. अशा रेणूला कशाची भूक नसते. ॲसिड घाला, अल्कली घाला, तो ढिम्म. जुन्या युरोपी रसायनशास्त्रज्ञांनी याच गुणावरून त्यांना 'पॅराफिन' नाव दिले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ कमी ओढ असलेला. मुलगी हसली. म्हणाली, "म्हणजे इफ्तारनंतरचे अब्बा."

या घराण्यात धाकटा मिथेन, एका कार्बनचा. मग एथेन, प्रोपेन, ब्यूटेन. हे चौघे आपल्या हवेत वायू असतात. मिथेन उणे 161 अंशांपर्यंत थंड केल्यावर द्रव होतो. ब्यूटेनला मात्र जवळजवळ शून्य अंशच पुरतात, म्हणून थोडा दाब दिला की तो सिलिंडरमध्ये पाण्यासारखा द्रव होऊन बसतो. साखळी वाढत गेली की पेट्रोल, मग रॉकेल, मग डिझेल, आणि वीस कार्बनांच्या पुढे मेणबत्तीचे मेण. व्हॅसलीनसुद्धा याच घराण्यातले. हिवाळ्यात ओठांना लावतो आणि ते ओठांना काही करत नाही, पोट भरलेले असते म्हणून!

'नाफ्था' या शब्दाचे मूळ फारसी-अरबी 'नफ्त'. दहाव्या शतकाच्या आसपास अबू बक्र अल-राझींनी नफ्त ऊर्ध्वपातनाने गाळून पांढरा, दिव्यात जाळण्याजोगा नफ्त मिळवण्याची रीत लिहून ठेवली. हे आम्ही मुलीला सांगितले खरे, पण इथेच थांबण्याची आपल्याकडे वाईट खोड आहे. राझी आणि जाबिर इब्न हय्यान यांची नावे घेऊन जलशात टाळ्या मिळतात, आणि घरातली पोर हायड्रोकार्बनच्या धड्याला अडून सायन्स सोडायला निघते, ते कुणाच्या लक्षात येत नाही.

ती खरी अडली होती ती आकारांपाशी. पुस्तकात एथेनची दोन चित्रे होती, एकाखाली स्टॅगर्ड आणि दुसऱ्याखाली एक्लिप्स्ड. वर्तुळातून रेघा निघालेल्या. तिने ती दहा वेळा काढून पाठ केली होती आणि ती कशाची चित्रे आहेत हे तिला माहीत नव्हते.

घरात इफ्तारसाठी काळे चणे भिजत घातले होते. त्यातले मूठभर घेतले, टूथपिकची डबी आणली. मोठा काबुली चणा कार्बन, छोटा काळा हायड्रोजन. कार्बनच्या चार काड्या एका पातळीत टोचल्या तर त्या एकमेकींच्या फार जवळ येतात. शक्य तितक्या दूर ठेवायच्या तर तिवईसारखा आकार होतो, तीन पाय आणि वर एक. कोणत्याही दोन काड्यांमधला कोन साधारण साडेएकशे नऊ अंशांचा. असे दोन तिवईवाले काबुली एका काडीने जोडले की एथेन झाला.

आता तिला एका बाजूने डोळा लावून बघायला सांगितले. समोरच्या कार्बनचे तीन चणे दिसतात, मागच्या कार्बनचे तीन. मधली काडी गोल फिरते. कार्बन-कार्बनचे एकेरी बंध असेच फिरतात. मागचे तीन चणे समोरच्या तिघांच्या अगदी मागे लपले तर ती एक्लिप्स्ड अवस्था. एक्लिप्स म्हणजे ग्रहण, एकाने दुसऱ्याला झाकले. मागचे तीन समोरच्यांच्या फटींतून दिसले तर स्टॅगर्ड. संध्याकाळी करी रोडला लोकलच्या डब्यात शिरलेला माणूस न सांगता दुसऱ्याच्या खांद्याच्या फटीत आपला खांदा बसवतो, कोपराला कोपर भिडवत नाही. रेणूही तेच करतो. फटीत उभे राहणे स्वस्त पडते.

किती स्वस्त? एका मोलला सुमारे साडेबारा किलोज्यूल. 1936 च्या सुमारास अमेरिकेत पिट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एथेनच्या उष्णतेच्या मापनावरून ही अडचण दाखवून दिली. तोवर लोक समजत होते की हा बंध अगदी मोकळा फिरतो. साडेबारा किलोज्यूल ही काही मोठी भिंत नव्हे. आपल्या खोलीच्या तापमानाला एथेनचा रेणू सेकंदाला अब्जावधी वेळा ती ओलांडतो. म्हणून स्टॅगर्ड एथेनची एक बाटली आणि एक्लिप्स्डची दुसरी, अशी वेगळी करता येत नाही. ती एकाच रेणूची उभे राहण्याची तऱ्हा आहे. मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, रुकू आणि सजदा करणारा माणूस एकच, तसं?" एवढे नेमके उदाहरण आम्हाला सुचले नसते.

ब्यूटेनमध्ये चार कार्बन. मधली काडी फिरवली की दोन टोकांचे कार्बन कधी एकमेकांपासून सर्वांत दूर जातात, त्याला अँटी म्हणतात. कधी साठ अंशांवर येऊन बसतात, ते गॉश. गॉश जरा अवघड, चार किलोज्यूलच्या आतबाहेर महाग. म्हणून साधारण तापमानाला ब्यूटेनचे शंभरातले सत्तर रेणू अँटी असतात. रेणूंच्या अशा ठेवणीवरून त्यांचे गुण कसे ठरतात हे दाखवल्याबद्दल नॉर्वेचे हासेल आणि इंग्लंडचे बार्टन यांना 1969 चे नोबेल मिळाले. परीक्षेत एवढे पुरते. पण अँटीची आवड घरात कुठे दिसते, ते पुस्तकात नव्हते.

ती दिसते तुपाच्या डब्यात. लांब साखळीला प्रत्येक बंधापाशी अँटी राहायला मिळाले की ती सरळ नागमोडी पसरते. अशा सरळ साखळ्या जमातीत सफ लागावी तशा खांद्याला खांदा लावून बसतात, आणि पदार्थ घट्ट होतो. मेण म्हणून घट्ट. तेलाच्या साखळीत मात्र मध्येच दुहेरी बंध असतो, तो फिरत नाही, आणि तिथे साखळीला बाक येतो. बाकदार साखळ्यांची सफ लागत नाही, म्हणून तेल पातळ. परळहून चालत जाता येईल अशा शिवडीला 1932 मध्ये हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने तेलातून वनस्पती तूप करायला सुरुवात केली. पुढे 1937 मध्ये आलेला डालडा आपल्या आजींच्या बिर्याणीत पोहोचला. तिथे करत काय होते? निकेलच्या साहाय्याने दुहेरी बंधांवर हायड्रोजन चढवत होते, म्हणजे साखळी अल्केनसारखी सेरशुदा करत होते. बाक गेला, सफ लागली, तेल गोठले. मात्र हे काम अर्धवट सोडले की उरलेले काही दुहेरी बंध उलटे वळतात आणि त्यांना ट्रान्स म्हणतात. ती साखळीही सरळ दिसते, पण हृदयाला घातक. खाद्यतेल आणि वनस्पतीत ट्रान्स फॅट शंभरात दोनपेक्षा जास्त नको, असा देशाचा नियम जानेवारी 2022 पासून आहे. पाकिटावर तो आकडा छापलेला असतो. वाचत जावा.

आता अभिक्रिया. पोट भरलेल्याला हलवायचे तर मोठा धक्का लागतो. मिथेन आणि क्लोरीन अंधारात एकत्र ठेवले तर काही होत नाही. ऊन पडले की क्लोरीनचा रेणू फुटतो, त्याचा एकेक तुकडा मिथेनचा हायड्रोजन ओढून घेतो, आणि साखळीच सुरू होते. एक हायड्रोजन गेला, दोन गेले, तीन गेले की क्लोरोफॉर्म, चारही गेले की कार्बन टेट्राक्लोराइड. मनासारखा एकच पदार्थ मिळत नाही, चौघांची खिचडी होते. हवेवाचून तापवले तर लांब साखळ्या तुटून छोट्या होतात. माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत हे काम मोठ्या प्रमाणावर चालते. नायट्रेशन वगैरे परीक्षेपुरते.

घरात मात्र अल्केनची एकच अभिक्रिया होते. ज्वलन. ती तर आपण रोज तीनदा करतो.

आपल्या 14.2 किलोच्या सिलिंडरमध्ये प्रामुख्याने प्रोपेन आणि ब्यूटेन असतात. प्रोपेनच्या एका रेणूला नीट जळायला ऑक्सिजनचे 5 रेणू हवेत. त्यातून कार्बन डायऑक्साइडचे 3 आणि पाण्याचे 4 रेणू निघतात. ब्यूटेनच्या दोघांना 13 हवेत. मुलीला आम्ही म्हटले, हे समीकरण आता खोलीत मांड. तिने वहीत गणित केले. एक किलो गॅस जळायला सुमारे पंधरा किलो हवा लागते, म्हणजे तेरा घनमीटर. आणि चाळीतली दहा बाय दहाची खोली, छत नऊ फुटांवर धरले तर, साडेपंचवीस घनमीटर. म्हणजे किलोभर गॅस अर्ध्या खोलीच्या हवेतला सगळा ऑक्सिजन मागतो. शिवाय दीड लिटर पाण्याची वाफ खोलीत सोडतो. पावसाळ्यात दारे लावून स्वयंपाक केला की भिंतींना घाम का फुटतो, याचे उत्तर तिला त्या समीकरणाच्या उजव्या बाजूला मिळाले. धडा तिच्या हाती लागला तो बहुधा त्या क्षणी.

हवा कमी पडली तर रेणू जळायचे थांबत नाही, अर्धवट जळतो. ज्योत निळी न राहता पिवळी होते, भांड्यांची बुडे काळी पडतात. ती काजळी म्हणजे न जळलेला कार्बन. ती निदान दिसते. तिच्याबरोबर निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके जड होते, मळमळते, झोप येते, आणि माणूस ती थकव्याची झोप समजतो. बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरने होणारे मृत्यू असेच घडतात. गीझर गळत नसतो, बिघडलेलाही नसतो. त्याला हवा मिळत नसते.

लालबागला गॅसची ओळख जुनी आहे. गॅस कंपनी लेन नावाची गल्ली आजही आहे. बॉम्बे गॅस कंपनी इथे दगडी कोळसा भट्टीत तापवून गॅस काढायची. 1865 च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवर पहिल्यांदा गॅसचे दिवे लागले ते भेंडीबाजार, एस्प्लनेड आणि चर्चगेटच्या रस्त्यांवर. दिवे लावणाऱ्याच्या मागून बघ्यांची गर्दी फिरत होती म्हणतात. त्या कोळशाच्या गॅसमध्ये हायड्रोजन आणि मिथेनबरोबर कार्बन मोनॉक्साइड मुळातच असायचा, त्यामुळे नुसती गळतीही विषारी. आजच्या गॅसमध्ये तो नसतो. तो आपण खिडक्या बंद करून तयार करतो.

आणि वास? प्रोपेन, ब्यूटेन, मिथेन यांना वासच नसतो. खालांच्या खोलीत जो आला तो मुद्दाम मिसळलेल्या एथिल मरकॅप्टनचा. तो एथेनचाच भाऊबंद, एका हायड्रोजनच्या जागी गंधक आणि हायड्रोजनची जोडी बसवलेला. नाकाला तो इतका झोंबतो की हवेत नावापुरता असला तरी कळतो. गॅस पेट घेण्याइतका साठण्याच्या कितीतरी आधी त्याचा वास यावा, असे प्रमाण ठेवलेले असते. हवेत शंभराला दोन भाग सिलिंडरचा गॅस झाला की बटनाची ठिणगी पुरते. वास आला की आधी रेग्युलेटर, मग दारे-खिडक्या, आणि बटन चालू असो वा बंद, त्याला हात नाही. चालू दिवा बंद करतानाही ठिणगी पडते, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात नसते. बाहेर येऊन 1906 वर फोन करायचा. गळती कुठे आहे ते साबणाचा फेस लावून बघायचे. काडी पेटवून बघणारे लोक आम्ही पाहिले आहेत, म्हणून लिहितो.

एक गोष्ट उरते. ती आम्हालाही त्या मुलीच्या वहीतूनच कळली. परळ-लालबागच्या चाळी पडून टॉवर उभे राहत आहेत, आणि घरांत सिलिंडरऐवजी पाइपचा गॅस येतो आहे. तो मुख्यतः मिथेन. 1995 मध्ये स्थापन झालेली महानगर गॅस तो पुरवते. टॅक्सी-रिक्षातला सीएनजी म्हणजेही हाच वायू, नुसता दाबून भरलेला. 1974 मध्ये बॉम्बे हायला समुद्राखाली तेल सापडले, त्याच्याबरोबर असाच वायू वर आला. मिथेनचा रेणू 16 वजनाचा, ब्यूटेनचा 58, आणि हवेची सरासरी 29 च्या आसपास. सिलिंडरचा गॅस हवेहून जड, म्हणून तो जमिनीवरून पाण्यासारखा पसरतो, मोरीच्या भोकात, पलंगाखाली साठतो. पाइपचा गॅस हलका, तो छताकडे जातो. चाळीत खालच्या उंबऱ्याकडची फट आपल्याला वाचवत होती. टॉवरमध्ये वरची जाळी वाचवणार. सवय तीच ठेवली आणि घर बदलले, तर चुकीच्या ठिकाणी हवा शोधत बसू.

खालांच्या मुलाला नवा फ्लॅट मिळाला आहे. ईदनंतर आम्ही तो पाहायला गेलो, मुलगीही बरोबर होती. स्वयंपाकघर चकचकीत. वरची जाळी कबुतरे येतात म्हणून काचेने बंद केलेली, न्हाणीघराचा झरोकाही तसाच. मुलीने स्टुलावर चढून बोटांनी जाळी मोजली आणि खालांच्या मुलाला म्हणाली, "भाईजान, ही काच काढा. कबुतरांना बारीक जाळी लावता येते."

त्याने जरा कुरकुर केली. खाला म्हणाल्या, "काढ म्हणते ना ती. तुला काय माहीत, मी बटन दाबणार होते."

पुढच्या रविवारी काच निघाली. मुलगी सायन्सलाच आहे. सध्या अल्कीनपाशी अडली आहे, आणि चणे पुन्हा भिजत घातले आहेत.